कडेची लांबी

कोल्हापूर, ६ नोव्हेंबर २०२४

अण्णामामा,

नमस्कार आधी आणि काम नंतर, असं आई सांगते, पण काम एवढं मोठं आहे की नमस्कार त्याच्याखाली चेंगरायचा. भाऊबीजेला तुम्ही आलात तेव्हाच विचारणार होते. पण आई समोर बसलेली, आणि तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणजे आईसकट सगळ्या गल्लीनं ऐकायचं. म्हणून कागद घेतला.

फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये गेली सहा वर्षं मी विमान जोडते आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पैपाहुण्यांत त्याला 'संयोगिताचं खूळ' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. तर ते खूळ आता पुरं होत आलंय. शेपटीचं काम तेवढं राहिलंय, आणि ते माझ्या हातानं होणार नाही.

तुम्हाला वाटत असेल विमान म्हणजे पत्रा. माझं तसं नाही. आत नळ्यांचा सांगाडा आणि वरून ताणून बसवलेलं कापड. शेपटीला तीन झडपा आहेत, दोन आडव्या आणि एक उभी, दारासारख्या बिजागरीवर हलणाऱ्या. वैमानिक त्या आतून हलवतो, मग विमान वर, खाली, बाजूला वळतं. कापड ऊन-पाण्यानं कुजू नये म्हणून त्यावर रंग लागतो, पण तो जाड झाला तर झडप जड होते, आणि जड झडप धोक्याची. पंख मी रंगवले, लांबून बरे दिसतात. झडपांना मात्र असा हात पाहिजे की रंग असून नसल्यासारखा.

दोन रंगारी बघितले. एक म्हणाला, "म्याडम, चार हात मारतो, नव्या गाडीगत चमकवतो." त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मामा, तुम्ही कराल? नाही म्हणालात तर मला दुसरा माणूस नाही.

तुमची,
संयोगिता


जयसिंगपूर, १० नोव्हेंबर २०२४

चि. संयोगिता,

आशीर्वाद घे, शिव्या राखून ठेवल्यात. तुझं पत्र सुनेला वाचून दाखवलं तर प्रीती म्हणाली, "मामंजी, ट्रॉलीवरनं एकदम इमानावर? आता आमच्याशी बोलनार का न्हाय?"

चाळीस वर्षांत मी ट्रॉल्या रंगवल्या, ट्रकच्या पाठी रंगवल्या, दुकानांच्या पाट्या, देवळांच्या कमानी, आणि एकदा एका पुढाऱ्याच्या पोराच्या वरातीतला हत्तीसुद्धा रंगवला. ट्रॉलीचं काम म्हणजे पत्र्याचे पोचे. तिथं लांबी भरायची, वाळली की पाणी लावून पेपरनं घासायची, मग रंग. लांबी भरण्यात शिरोळ तालुक्यात मी कुणाला हार जाणार नाही. पण कापडावर मी फक्त बॅनर केलेत, आणि बॅनर उडाला तर दोरीनं बांधून ठेवतात.

तेव्हा काय करायचं, कसं करायचं, ते तू कागदावर लिहून दे. मोठ्या अक्षरात. फोनवर मला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं बारीक दिसत नाही. तू लिहिशील तसंच्या तसं मी करीन. आमच्या धंद्याचा नियमच आहे, चिठ्ठीत असेल ते रंगवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. तरुणपणी एकदा चालवलं होतं. एकानं दुकानाच्या पाटीसाठी 'सुनिता' असं लिहून दिलं, मी शहाण्यासारखं 'सुनीता' रंगवलं. तो सगळ्या बाजारासमोर म्हणाला, "पावणं, पोरीचं नाव मी ठेवलंय का तुमी?" अख्खी पाटी पुसून पुन्हा करावी लागली. तेव्हापासून चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

आता माझा एकच प्रश्न, आणि त्याचं सरळ उत्तर पाहिजे. हे उडवणार कोण? तू असशील तर आत्ताच सांग, मी ब्रशला हात लावणार नाही. माझ्या आक्काला, तुझ्या आईला, तू एकुलती एक आहेस. बाकी कोण का उडवेना.

तुझा अण्णामामा


कोल्हापूर, १५ नोव्हेंबर २०२४

अण्णामामा,

तुम्ही हो म्हणालात, मला केवढा धीर आला! तिन्ही झडपा वाकळेत गुंडाळून ज्ञानू कंडक्टरच्या हवाली केल्या आहेत. त्याला बजावलंय, मागच्या सीटवर आडव्या ठेव आणि वर कुणाला बसू देऊ नको. तो म्हणाला, "ताई, तिकीट काडू का ह्यांचं?"

कापड मी चढवलेलं आहे आणि इस्त्री फिरवून ताणून घेतलं आहे. तुम्ही आधी बिनरंगाचा एक पातळ हात ब्रशनं द्या, कापडाचे डोळे बंद व्हायला. मग सगळ्या कडांवरून सोबतची कापडी पट्टी चिकटवायची. मागच्या पातळ कडेकडे विशेष लक्ष द्या, तिथे लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी भरली पाहिजे. कमी पडली तर उडताना कापड तिथूनच उसवतं. त्यानंतर चांदीचा रंग गनने दोन हात, तो ऊन अडवतो. अंधाऱ्या खोलीत झडपेमागे बल्ब धरून बघा, उजेड आरपार दिसला तर अजून एक हात. शेवटी पिवळा, जेमतेम झाकण्यापुरता.

रंगाचं वजन प्रत्येक झडपेवर तीनशे ग्रॅमच्या आत हवं. किती झालं ते नक्की लिहा, कारण झडपेच्या पुढच्या टोकाला मी शिशाचं वजन बसवणार आहे, मागच्या भाराला तोलून धरायला. ते तुमच्या आकड्यावरून ठरेल.

आणि उडवणार कोण म्हणाल तर पुण्याचे एक कॅप्टन आहेत, निवृत्त, हजारो तास उडवलेले. तुम्ही त्याची काळजी करू नका.

संयोगिता


जयसिंगपूर, ८ डिसेंबर २०२४

चि. संयोगिता,

काम झालं. ह्याच पत्राबरोबर झडपा ज्ञानूच्या गाडीत चढवतोय.

पहिले चार दिवस मी नुसता बघत बसलो. कापड असं ताणलंयस की टिचकी मारली तर हलगीसारखं वाजत असणार. मला वाजलेलं ऐकू येत नाही, पण बोटाला कळतं. प्रीतीनं खोलीच्या खिडक्यांना चादरी लावल्या, दारात ओलं पोतं टाकलं धूळ बसायला, आणि नातवंडांना सांगितलं की आत जाईल त्याला आजोबा पिवळा करतील.

तू लिहिलंस तसंच सगळं केलं. बिनरंगाचा हात, कडांना पट्टी. मागच्या कडेला लांबी पुरी भरली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं कमी सोडली नाही. त्यालाच दोन दिवस गेले. मग चांदी. बल्ब धरला तर डाव्या झडपेत एका जागी उजेड दिसला, सुईच्या टोकाएवढा. तिथं पुन्हा एक हात दिला. ऊन कापडाचं काय करतं हे मला नव्यानं सांगायला नको, ताडपत्र्या कुजलेल्या बघतच म्हातारा झालो. पिवळा हळदीचा घेतला, आभाळात उठून दिसेल असा.

रंगाचं वजन प्रीतीनं किराणा दुकानातल्या काट्यावर बघून लिहून ठेवलंय. डावी २४०, उजवी २५५, उभी २१०. सगळं तुझ्या मापाच्या आत.

हात थोडा कापतो हल्ली. पण गनचा घोडा दाबला की थांबतो. कॅप्टनसाहेबांना माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं, जपून.

अण्णामामा


कोल्हापूर, १४ डिसेंबर २०२४

मामा,

काय काम केलंत तुम्ही! वाकळ सोडली आणि शेडमधली पोरं हातातलं काम टाकून भोवती जमली. मागची कड तर इतकी गुळगुळीत की बोट फिरवत राहावंसं वाटतं. पट्टी कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही. माझ्या पंखांना आता तुमच्या झडपांशेजारी उभं राहायची लाज वाटेल.

तुमच्या आकड्यांवरून शिसं ओतून घेतलं आणि बसवलं. कागदपत्रं आणि तपासणी झाली की जानेवारीत उडायचं. कर्नाटकातल्या एका कारखान्याची धावपट्टी वापरायला मिळाली आहे.

आईला तारीख सांगू नका. ती उगीच उपास धरेल.

संयोगिता


जयसिंगपूर, १६ जानेवारी २०२५, गुरुवार

संयोगिता,

राखून ठेवलेल्या शिव्या आज काढायच्या होत्या. कागदावर उतरवायला बसलो तर एकही पुरेशी वाटेना.

काल प्रीतीनं मोबाईलवर फोटो दाखवला. तू विमानात बसलेली, डोक्याला टोपी, कानाला डबे. खाली लिहिलंय, येत्या रविवारी आमची संयोगिता स्वतः आकाशात. फोटो तुझ्या ऑफिसातल्या कुणीतरी टाकलाय. प्रीतीला वाटलं मला आनंद होईल. दोन वर्षं तू 'कंपनीचं ट्रेनिंग' म्हणून शनिवार-रविवार जात होतीस, ते हेच होय? मी तुला सरळ विचारलं होतं की नाही? पुण्याचा कॅप्टन कुठल्या रंगाच्या डब्यातून काढलास?

आज वाडीला जाऊन आलो. दत्तासमोर उभा राहिलो तर काय मागायचं तेच सुचेना. तू उडू नयेस असं मागावं, तर तुझी सहा वर्षं जातात. उडावंस असं मागायला तोंड उघडत नाही.

आणि एक गोष्ट महिनाभर गळ्यात अडकलीय, ती आज विचारतो. कापडावर लांबी कशाला भरायला लावलीस? पत्र्याला पोचा असतो म्हणून लांबी भरतात. तुझं कापड तर आरशासारखं होतं. मागच्या कडेला इकडून तिकडं लांबी भरताना मला सारखं वाटत होतं की ही वाळल्यावर दगड होते, कापड तर हलणार, मग हिला तडा नाही का जाणार? पण तू इंजिनीअर, तुझी चिठ्ठी, म्हणून भरली. वजन लिहिताना लांबी वजा केली. तू रंगाचं विचारलं होतंस, आणि लांबी तू सांगितलेलीच, तेव्हा ती तुझ्या हिशेबात असणार असं धरलं.

मी चुकत असलो तर अडाणी म्हणून सोडून दे. पण उत्तर दिल्याशिवाय उडू नकोस. ज्ञानूला सांगितलंय, पत्र तुझ्याच हातात द्यायचं.

अण्णामामा


कोल्हापूर, २० जानेवारी २०२५

मामा,

मी उडाले नाही. हे आधी वाचा, मग बाकीचं.

ज्ञानूनं शुक्रवारी सकाळी पत्र दिलं. पाकिटावरचं तुमचं अक्षर बघूनच कळलं की आत काय असणार, कारण तोवर फोटो सगळीकडे गेला होता. रविवारच्या आधी मला बोलणी खायची नव्हती. पाकीट तसंच पिशवीत टाकलं. मामा, मी ते रविवारी रात्री घरी आल्यावर वाचणार होते.

शनिवारी दुपारी धावपट्टीवर पेट्रोल भरून झालं. सगळं तपासून झालं होतं. रुमाल शोधायला पिशवीत हात घातला आणि पाकीट हाताला लागलं. वाटलं, खाऊनच टाकावीत एकदाची बोलणी. वाडीपर्यंत वाचलं आणि डोळे भरून आले. पुढचं वाचलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली.

मी 'लांबी' लिहिलं ते मापाची लांबी. कापडी पट्टी लांबीला आखूड पडू नये, एवढंच म्हणायचं होतं. 'पुरी भरली पाहिजे' म्हणजे मापात पुरी भरली पाहिजे. दिवसभर नकाशांवर लांबी, रुंदी, जाडी लिहिणारी मी. तुमच्या पहिल्याच पत्रात ट्रॉलीला लांबी भरण्याचं होतं. मी ते वाचलं होतं, तुमच्या फुशारकीला हसले होते, आणि चार दिवसांनी तोच शब्द तुम्हाला लिहून पाठवला.

उठले आणि त्या गुळगुळीत कडेवर नखानं वाजवून बघितलं. कापड वाजतं तशी ती वाजेना. टकटक, फरशीसारखी. झडपा तिथेच उतरवल्या आणि कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या काट्यावर ठेवल्या. आडव्या दोन्हींत एकशेनव्वद ग्रॅम जास्त, उभीत दीडशे. सगळा भार मागच्या टोकाला, जिथे तो सगळ्यात वाईट. पुढे मी शिसं बसवलं होतं ते तुमच्या आकड्यापुरतं.

तसं उडालं असतं तर काय झालं असतं, ते तुमच्यापासून लपवत नाही. आता काहीच लपवणार नाही. झडप मागे जड असली की एका वेगापर्यंत ती गप्प राहते. त्यापुढे थरथरायला लागते, ट्रॉलीचा मागचा सैल फाळका उताराला खडखडतो तशी, पण त्याच्या कितीतरी पट जोरानं. आत बसलेल्याला कळेपर्यंत शेपूट तुटलेली असते.

झडपा आल्या त्या दिवशी मी स्वतः त्या पुन्हा तोलायला हव्या होत्या. नियम तोच आहे, मला तो पाठ आहे. मामांनी लिहिलंय म्हणून तोलल्या नाहीत. हा गुन्हा माझा आहे. आणि कॅप्टन खोटा होता, हा दुसरा. खरं सांगितलं असतं तर तुम्ही ब्रश उचलला नसता, ही भीती होती. पण मी बसणार हे तुम्हाला माहीत असतं, तर लांबी भरायच्या आधी तुम्ही विचारलं असतंत ना?

आईला सगळं सांगितलं. ती उठून माझ्यासाठी भाकरी टाकायला गेली.

संयोगिता


जयसिंगपूर, २३ जानेवारी २०२५

पोरी,

पत्र तीनदा वाचलं. प्रीतीनं पुढ्यात ठेवलेला चहा तसाच गार झाला.

तू मला गुन्ह्यातून सोडवायला निघालीस, पण मी सुटत नाही. शब्द तुझा फिरला हे खरं. पण हात माझा होता, आणि हाताला कळलं होतं. पहिल्या दिवशी पत्र्याची पट्टी हातात घेऊन लांबी ओढली तेव्हाच कळलं होतं की हे बरोबर नाही. बाहेर येऊन बसलोसुद्धा. प्रीतीनं विचारलं, "मामंजी, का थांबलासा?" मी म्हटलं, "काय न्हाय, कंबर भरून आली." आणि पुन्हा आत गेलो.

का विचारलं नाही तुला? सातवी नापास माणसानं इंजिनीअर भाचीला उलट काय विचारायचं, हे एक. दुसरं, मला वाटलं तू म्हणशील, मामा म्हातारा झाला, त्याला एवढंही कळत नाही, आणि काम कोल्हापूरच्या त्या चमकवणाऱ्या रंगाऱ्याला देशील. कैक वर्षांत मला असं काम मिळालं नव्हतं. ट्रॉल्या आता कंपनीतूनच रंगून येतात, पाट्या मशिनवर छापतात. ते काम मला सोडवेना. त्यापायी गप्प बसलो.

आणि जे लिहायला लाज वाटते ते लिहितो. तू विचारलंस ना, तू बसणार हे माहीत असतं तर मी विचारलं असतं का? असतं. त्याच दिवशी विचारलं असतं. म्हणजे पुण्याचा कॅप्टन बसणार म्हणून मी विचारलं नाही. तो खोटा होता हे मागाहून कळलं, त्या वेळी माझ्यासाठी तो खरा होता. त्याच्या घरी कुणी असेल हे माझ्या मनात आलं नाही. वर नमस्कार सांगितला त्याला, जपून म्हणून. तुझं पत्र वाचल्यापासून त्या नसलेल्या माणसाचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

झडपा दुसऱ्या कुणाकडून करून घे. मी रुसून म्हणत नाही. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही.

अण्णामामा


कोल्हापूर, २७ जानेवारी २०२५

मामा,

कापड सगळं फाडून काढलं, लांबी त्याबरोबरच गेली. सांगाडे घासून पुसून नवं कापड चढवलं. उद्या सकाळच्या गाडीनं ज्ञानूबरोबर तुमच्याकडे येतायत. परत पाठवलेत तर ज्ञानू घेणार नाही, मी त्याला तसं सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "आता ह्यास्नी पासच काडून द्या."

महिनाभर ज्याच्या गळ्यात शंका अडकून राहिली आणि शेवटी ज्यानं ती विचारली, तोच रंगारी मला हवा आहे. दुसरा एखादा लांबी भरून विसरून गेला असता.

या वेळी उडवणार मी. संयोगिता, आक्काची एकुलती एक. हे डोक्यात ठेवून रंगवा, आणि शंका आली की हात थांबवा.

संयोगिता


जयसिंगपूर, ५ मार्च २०२५

चि. संयोगिता,

झडपा पाठवतोय. ह्या वेळी महिना लागला कारण निम्मा वेळ तुला प्रश्न विचारण्यात गेला. प्रीती मोबाईलवर लिहून लिहून वैतागली. पट्टी म्हणजे कापडाची, का लांबी ओढायची पत्र्याची, का तुझी धावपट्टी? दोन हात म्हणजे दोनदा रंग, का दोन माणसं? 'कड मोकळी सोडा' म्हणजे रंगाशिवाय, का धुळीशिवाय? तू एकदाही चिडली नाहीस. मी असतो तर सतराव्या प्रश्नाला फोन फेकला असता.

वजन लिहितो. रंग, पट्टी, गोंद, सगळं धरून वाढलेलं. डावी २८०, उजवी २८५, उभी २४०. प्रीतीनं पुन्हा मोजलं, मग मी चष्मा लावून मोजलं. तरीपण आल्याबरोबर तू स्वतः तोल. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवलास तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही.

मागच्या कडेवर ह्या वेळी पट्टीची शिवण जराशी दिसते. ती दिसू दे. बोट फिरवलं तर कापड लागलं पाहिजे.

रविवारी तू उडशील तेव्हा धावपट्टीवर मी येणार नाही. माझ्यानं वर बघवणार नाही. शनिवारीच कोल्हापूरला आक्काकडे येतो आणि तिच्याजवळ बसतो. आम्ही दोघं बहीणभाऊ काहीतरी निवडत बसू, शेंगा, गहू, असेल ते. तू खाली आलीस की प्रीतीच्या मोबाईलवर एक शब्द पाठव. लांबलचक काही नको. एकच शब्द, पण असा की ज्याचा एकच अर्थ होतो. दोन अर्थांचे शब्द माझ्यानं सोसवत नाहीत आता.

भीती वाटते पोरी. रंगवताना वाटत नव्हती, आता हात रिकामे झाले तशी वाटायला लागली.

अण्णामामा


९ मार्च २०२५, रविवार, सकाळी ९.४०

उतरले.


कोल्हापूर, ९ मार्च २०२५

चि. संयोगिता,

शब्द मिळाला. प्रीतीनं तो मोबाईलवर बोटांनी ताणून एवढा मोठा केला की चष्म्याशिवाय दिसला.

सकाळी सहापासून आम्ही शेंगा फोडत होतो. आक्कानं दाणे टरफलात टाकले आणि टरफलं पातेल्यात, आणि आम्ही दोघांनीही ते तासभर बघितलं नाही. शब्द आला तेव्हा ती रडायला लागली, मग मला एक धपाटा घातला, का ते तिलाच विचार. आता ती आत शिरा भाजतीय.

तू यायला अजून तीन तास आहेत. मला दम निघेना म्हणून समोरच्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर हे लिहितोय.

तुला एकाच अर्थाचा शब्द पाठव म्हणून सांगितलं होतं. आमच्या धंद्यात उतरतात ते रंग. उन्हानं उतरले, पावसानं उतरले, मालक तक्रार घेऊन येतो, "अण्णा, रंग उतरले की हो." मला शब्द कळलाय. पहिल्या झटक्यातच कळला. पण शंका आली की विचारायचं, हे मी तुला कबूल केलंय, म्हणून विचारतो. काय उतरले? तू, का माझे रंग?

उत्तर लिहू नकोस. घरी येऊन माझ्या कानाशी ओरडून सांग. सगळ्या गल्लीला ऐकू दे.

अण्णामामा